ठाणे, येरवडा आणि साधा केसपेपर

मराठीत दोन गावांची नावं शिवी म्हणून चालतात. 'याला ठाण्याला पाठवा' आणि 'हा येरवड्याचा दिसतोय'. आम्ही नाशिककर दोन्ही वापरतो, कारण आमच्याकडे स्वतःचं असं मनोरुग्णालय नाही. राज्यातली चार मोठी सरकारी मनोरुग्णालयं नागपूर (१८६४), रत्नागिरी (१८८६), ठाणे (१९०१) आणि येरवडा (१९१५) इथे उभी राहिली. चारही इंग्रजांच्या काळातली. येरवड्याला तर त्याच नावाचा तुरुंगही आहे. त्यामुळे कुणी 'येरवड्याला गेला' म्हटलं की कुठल्या दाराने गेला, हे विचारावं लागतं.

हा विनोद आपण करतो तेव्हा त्यामागे एक जुना कायदा उभा असतो. १८५८ साली इंग्रज सरकारने वेड्यांच्या इस्पितळांसाठी कायदा केला, १९१२ साली तो नव्याने लिहिला. त्यात दाखल होण्याचा नेहमीचा मार्ग मॅजिस्ट्रेटच्या हुकुमातून जायचा. म्हणजे ताप आला तर डॉक्टर आणि मन बिघडलं तर कोर्ट. १९२२ साली 'असायलम' हा शब्द काढून 'मेंटल हॉस्पिटल' असा बोर्ड लावला गेला. भिंतीची उंची मात्र तेवढीच राहिली. मला इथे त्या भिंतीच्या आतला इतिहास सांगायचा नाही. तो भयानक आहे आणि त्यावर बरंच लिहिलं गेलंय. मला सांगायचंय ते मनाच्या उपचाराला भिंतीबाहेर काढून साध्या दवाखान्यात, खोकला-सर्दीच्या रांगेत आणून बसवण्याच्या खटपटीबद्दल. ही खटपट जवळपास ९० वर्षं चालली आहे. तिचा एक महत्त्वाचा टप्पा आपल्या शेजारी गोव्यात घडला आणि त्यातला एक आकडा मला गेली दोन वर्षं सुखाने बसू देत नाही.

सुरुवात कलकत्त्यात झाली. फ्रॉइडशी पत्रव्यवहार करणारे गिरींद्रशेखर बोस यांनी १९३३ साली तिथल्या कारमायकल मेडिकल कॉलेजात (आजचं आर. जी. कर) मनोविकारांचा बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. १९३८ साली मुंबईत जे. जे. हॉस्पिटलमध्ये डॉ. के. आर. मसानी यांनी तसाच विभाग काढला. आज हे वाचून कुणी भुवई उंचावणार नाही. पण त्या काळात ही गोष्ट केवढी होती बघा. जे.जे.च्या खिडकीवर केसपेपर काढायला हुकूम लागत नाही. पोटदुखीवाला, हाड मोडलेला आणि रात्ररात्र झोप नसलेला, तिघं एकाच रांगेत. बाहेर आल्यावर कुणी विचारलं 'कुठे गेला होतास' तर उत्तर एकच, 'जे.जे.ला'.

पुढे केईएममध्ये डॉ. एन. एस. वाहिया यांनी मानसोपचार विभाग नावारूपाला आणला. त्यांनी पतंजलीच्या योगसूत्रांतल्या कल्पना घेऊन मनोकायिक आजारांवर उपचारपद्धती बसवली आणि ती अमेरिकी नियतकालिकात छापून आणली, तेही १९७० च्या दशकात, योगा मॅट विकत मिळण्याच्या कितीतरी आधी. मधल्या काळात १९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन या औषधाचा उपयोग लक्षात आला होता. भ्रम होणारा, आरडाओरडा करणारा पेशंटही औषधाने शांत होऊ शकतो, तर त्याला साध्या वॉर्डात ठेवायला हरकत काय, असं म्हणता येऊ लागलं.

तरी हे सगळं मोठ्या शहरांपुरतं होतं. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालात हिशेब आहे: ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे ४० हजार लोकांमागे मनोरुग्णालयातली एक खाट, इंग्लंडमध्ये साधारण ३०० माणसांमागे एक. सिन्नरच्या किंवा सुरगाण्याच्या माणसाच्या वाट्याला यातलं काय येणार?

गावापर्यंत जाण्याचा पहिला गंभीर प्रयत्न १९७५ च्या सुमारास झाला. चंदीगडच्या डॉ. एन. एन. विग यांच्या गटाने हरियाणातल्या रायपूर राणी या भागात आणि बंगळुरूच्या निम्हान्सने जवळच्या साकलवारा इथे एक साधी गोष्ट करून पाहिली. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरला आणि आरोग्य सेवकांना थोडं शिकवायचं, चार-पाच औषधं पुरवायची आणि अवघड केस असेल तरच वर पाठवायची. त्यातून ऑगस्ट १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम मंजूर झाला. मनाचे उपचार सर्वसाधारण आरोग्यसेवेत मिसळायचे, हे त्याच्या उद्दिष्टांत स्पष्ट लिहिलेलं होतं. १९८५ पासून कर्नाटकातल्या बळ्ळारी जिल्ह्यात, सुमारे २० लाख लोकवस्तीत, ते करून दाखवलं गेलं. १९९६ मध्ये 'जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम' म्हणून केंद्राने ते देशभर न्यायला घेतलं. अकराव्या पंचवार्षिक योजनेच्या अखेरीस १२३ जिल्हे कागदावर आले.

मग? २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने मोजलं तेव्हा वेगवेगळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांना उपचारच मिळत नव्हते.

असं का झालं यावर बरीच कारणं दिली जातात: पैसे आले नाहीत, आले ते खर्च झाले नाहीत, डॉक्टरांच्या बदल्या, औषधांचा तुटवडा. ती खरीच आहेत. माझ्या मते मूळ अडचण आराखड्यातच होती. सगळा भार आरोग्य केंद्रातल्या त्या एकट्या डॉक्टरवर टाकला होता. लसीकरण, बाळंतपणं, सर्पदंश, नसबंदीचं टार्गेट, शवविच्छेदन हे सगळं त्याच्याकडे आधीच होतं, त्यात आता उदासीनताही. दाराबाहेर ८० माणसं उभी असताना 'घरी सगळं ठीक आहे ना?' हा प्रश्न कोण विचारेल? उत्तर 'नाही' आलं तर पुढे वीस मिनिटं द्यावी लागतील, हे त्याला माहीत असतं. आमच्या धंद्यातली भाषा वापरायची तर नवीन फीचर जोडलं, सर्व्हर तोच ठेवला.

इथे माझा या विषयाशी संबंध काय ते सांगतो.

माझे पप्पा सातपूरच्या एका कारखान्यात होते. साखर आधीपासून, त्यात तीन वर्षांपूर्वी हार्ट अटॅक आला, अँजिओप्लास्टी झाली. ऑपरेशन उत्तम झालं. त्यानंतर मात्र ते हळूहळू विझत गेले. कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर जाणं बंद. पहाटे तीनला उठून गॅलरीत बसायचे. गोळ्या कधी घ्यायचे, कधी उशीखाली ठेवायचे. हृदयाचे डॉक्टर रिपोर्ट बघून म्हणायचे, 'फर्स्ट क्लास'. साखरेचे डॉक्टर म्हणायचे, 'साखर वाढतेय, इन्सुलिन दोन युनिटने वाढवू'. दोघंही आपापल्या फाइलपुरते बरोबर होते. आईच्या कापडी पिशवीत निळी फाइल हृदयाची, पिवळी साखरेची.

पप्पांना काय झालंय ते ओळखलं पंचवटीतल्या आमच्या जुन्या फॅमिली डॉक्टरांनी, तेही सर्दीच्या गोळ्या आणायला गेलो तेव्हा. त्यांनी स्टेथोस्कोप लावलाच नाही. म्हणाले, 'भाऊसाहेब, तुम्ही खुर्चीत बसायच्या आधी मॅचचा स्कोअर विचारायचात. आज काही बोलला नाहीत.' पप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत, मग रडले. मी त्यांना त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं. त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली. तिथे तिसरी फाइल झाली, हिरवी. हिरव्या फाइलच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला: 'ईसीजी आणलाय का?' हृदय दुबळं असेल तर नैराश्याची काही औषधं जपून द्यावी लागतात. ईसीजी निळ्या फाइलमध्ये होता आणि निळी फाइल त्या दिवशी घरी राहिली होती. हे तीन डॉक्टर एकमेकांशी आजवर एकदाही बोललेले नाहीत. बोलते ती आई, आणि तिचं शिक्षण सातवीपर्यंत झालंय. तीन सिस्टिम्स आणि मधली एपीआय म्हणजे माझी आई.

त्यानंतर मी वाचायला लागलो आणि गोव्यापाशी येऊन थांबलो.

डॉ. विक्रम पटेल मूळचे मुंबईचे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ते झिम्बाब्वेत काम करत होते. तिथे लोक नैराश्यासारख्या अवस्थेला 'कुफुंगिसिसा' म्हणतात, अर्थ साधारण 'फार विचार करणं'. आपल्याकडे बायका म्हणतात ना, 'विचार लागलाय' किंवा 'विचार करून करून डोकं भणभणतं', अगदी तेच. पटेल परत आले आणि १९९६ मध्ये गोव्यात 'संगत' ही संस्था सहकाऱ्यांसोबत सुरू केली. (गोव्याचं आणि मनोविज्ञानाचं नातं तसं जुनं. संमोहनाचा अभ्यास करणारे आबे फारिया कांदोळीचे. पणजीत त्यांचा पुतळा आहे, समोर पडलेल्या बाईवर दोन्ही हात पसरलेला. पर्यटक तो बघून दचकतात.)

संगतच्या आसपास झालेला एक अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात मन आणि शरीर कसे एकमेकांत गुंतलेत ते दिसतं. आरोग्य केंद्रात बायकांची एक नेहमीची तक्रार असते, 'अंगावरून पांढरं जातं'. डॉक्टर जंतुसंसर्ग समजून अँटिबायोटिक देतात. गोव्यात सुमारे अडीच हजार स्त्रियांच्या तपासणीत दिसलं की या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा कितीतरी जास्त मनावरच्या ताणाशी, थकव्याशी, घरातल्या जाचाशी होता. बाई 'मी दुःखी आहे' म्हणत नाही, म्हणायची सोय नाही. ती पांढरं पाणी सांगते, कंबर सांगते, हातापायाची आग सांगते. मनाचं खातं स्वतंत्र इमारतीत ठेवलं तर ही बाई तिथे जन्मात पोचणार नाही. ती येते ती साध्या ओपीडीत.

२००३ साली पटेल यांच्या गटाने 'लॅन्सेट'मध्ये एक चाचणी छापली. गोव्यातल्या सरकारी रुग्णालयांच्या साध्या ओपीडीतले ४५० रुग्ण, काहींना नैराश्याचं औषध, काहींना बोलून उपचार, काहींना नुसतीच दिसायला तशी गोळी. दोन महिन्यांनी औषध गोळीपेक्षा सरस ठरलं. बोलून केलेले उपचार ठरले नाहीत. ज्यांनी आयुष्य समुपदेशनाला वाहिलंय त्यांना हे किती बोचलं असेल! पण त्यांनी निकाल झाकला नाही, पुन्हा आखणी केली. त्या नव्या आखणीचं नाव 'मानस'.

मानसमध्ये २४ दवाखाने होते: १२ सरकारी आरोग्य केंद्रं, १२ खासगी डॉक्टरांचे दवाखाने. एकूण २,७९६ रुग्ण. निम्म्या दवाखान्यांत एक नवीन माणूस बसवला. हा माणूस डॉक्टर नव्हता, नर्स नव्हता. स्थानिक पदवीधर, आरोग्यक्षेत्राची काही पार्श्वभूमी नसलेला, साधारण दोन महिने शिकवलेला. ओपीडीत आलेल्यांना १२ साधे प्रश्न विचारले जायचे. उत्तरांवरून गरज दिसली तर हा समुपदेशक रुग्णाला बाजूला घेऊन बसायचा. 'मानसिक आजार' हा शब्द शक्यतो वापरायचा नाही. 'टेन्शन' चालेल. तुमचं अंग का दुखतं, झोप का येत नाही हे समजावायचं, श्वासाचे व्यायाम शिकवायचे. त्याने भागलं नाही तर आरोग्य केंद्राचा डॉक्टर औषध लिहील, किंवा नातेसंबंधांवर काम करणाऱ्या बैठका होतील. त्यानेही नाही तर अधूनमधून येणारे मानसोपचारतज्ज्ञ बघतील. आणि सगळ्यात महत्त्वाचं काम: आला नाही तर त्याला फोन करायचा, घरी जायचं. बळ्ळारीच्या आराखड्यात गायब असलेला माणूस तो हा.

उरलेल्या निम्म्या दवाखान्यांतही प्रश्न विचारले गेले, निकाल डॉक्टरला कळवला, उपचारांची पुस्तिकाही दिली. फक्त समुपदेशक नाही.

निकाल डिसेंबर २०१० मध्ये आला. सहा महिन्यांनी बरे झालेले रुग्ण: सरकारी केंद्रांत समुपदेशक असेल तर ६५.९ टक्के, नसेल तर ४२.५ टक्के. मोठा फरक आहे. जगभर त्याची वाहवा झाली आणि 'डॉक्टर नसलेली माणसंही हे करू शकतात' हा मुद्दा त्यानंतर कुणाला सहज खोडता आला नाही.

आता तो आकडा, ज्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. खासगी दवाखान्यांत समुपदेशक असेल तर ६४.१ टक्के. नसेल तर ६५.९ टक्के.

पुन्हा वाचा. खासगी दवाखान्यात समुपदेशक बसवून काहीच फरक पडला नाही, कारण तिथले रुग्ण त्याच्याशिवायही तेवढेच बरे होत होते. मी पहिल्यांदा हा तक्ता पाहिला तेव्हा वाटलं, छपाईची चूक असेल. नव्हती. एक शक्यता अशी मांडली जाते की खासगी दवाखान्यात दर वेळी तोच डॉक्टर भेटतो, थोडा जास्त वेळ देतो, घरदार ओळखतो. सरकारी केंद्रात आज एक, पुढच्या महिन्यात दुसरा. दोन महिने शिकवलेला समुपदेशक सरकारी केंद्रात जी गोष्ट घेऊन आला, ती खासगी दवाखान्यात आधीच खुर्चीत बसलेली होती. तिथे फक्त १२ प्रश्नांचा कागद तिच्या हातात द्यायचा होता. पैसेवाले रुग्ण तसेही लवकर बरे होतात, असंही कुणी म्हणेल आणि त्यात तथ्य असू शकतं. पण मला मॅचचा स्कोअर आठवतो.

गोव्यातलं काम पुढे गेलं. १० आरोग्य केंद्रांत ४९५ जणांवर, तीव्र नैराश्यासाठी, सहा ते आठ बैठकांची एक छोटी पद्धत तपासली. तीन महिन्यांनी ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले, नेहमीच्या उपचारांत ३९ टक्के. म्हणजे २००३ मध्ये हरलेलं समुपदेशन १३ वर्षांनी जिंकलं, आणि तेही तज्ज्ञांशिवाय. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' प्रकल्पात नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेलं. राज्य सरकारनेही २०१५ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत शेतकऱ्यांसाठी 'प्रेरणा प्रकल्प' आणला, त्यात घरोघर जाऊन विचारपूस करायचं काम आशाताईंकडे आलं. आशाताईंकडे काय येत नाही!

हे सगळं नुसत्या नैराश्याबद्दल झालं. पप्पांसारख्या तीन फाइलवाल्या माणसाचं काय? मानसचा निकाल आला त्याच डिसेंबरात अमेरिकेत वेन केटन यांनी सिएटलच्या २१४ रुग्णांचा अभ्यास छापला, मधुमेह किंवा हृदयविकार आणि सोबत नैराश्य असलेल्यांचा. एक नर्स, दर आठवड्याला तज्ज्ञांशी चर्चा, आणि साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, मन चारही एकत्र बघायचं. चारही सुधारले. ती पद्धत भारतात आणून चेन्नई, बंगळुरू, विशाखापट्टणम आणि दिल्ली इथल्या चार मधुमेह क्लिनिकांत ४०४ जणांवर तपासली, निकाल २०२० मध्ये आला. दोन वर्षांनी नैराश्य निम्म्याने कमी आणि सोबत साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांपैकी निदान एक सुधारलेलं, असे ७१.६ टक्के. नेहमीच्या उपचारांत ५७.४.

यात एक सॉफ्टवेअर होतं, म्हणून मी जरा जास्तच खोलात वाचलं. अवघड काही नाही. एका स्क्रीनवर रुग्णाची साखर, रक्तदाब आणि नैराश्याचा गुण, खाली डॉक्टरसाठी सूचना. मी आणि माझा मित्र मिळून दोन महिन्यांत असं काही बांधू शकू. पण त्या स्क्रीनसमोर ठरलेल्या वेळी मधुमेहाचे डॉक्टर, मानसोपचारतज्ज्ञ आणि समन्वयक एकत्र बसत होते. समन्वयक डॉक्टर नव्हता. पेशंटला फोन करून 'गोळ्या घेतल्या का, चालायला गेलात का' विचारायचं काम त्याचं. चर्चेच्या त्या तासाचं बिल कुणाच्या नावे फाडायचं? आपल्याकडे बिल तपासणीचं होतं, स्टेंटचं होतं, इन्सुलिनचं होतं. दोन डॉक्टरांनी एकमेकांशी बोलण्याचं होत नाही.

कायदा आता बाजूने आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १८ मध्ये, सर्वसाधारण आरोग्यसेवेच्या प्रत्येक पातळीवर मानसिक सेवा मिसळण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ हा टेलि-मानस क्रमांक चालू आहे, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. कुणाला लागलाच तर सेव्ह करून ठेवा.

आणि डॉक्टरांचं शिक्षण? महाराष्ट्रातल्या बहुतेक सरकारी, खासगी वैद्यकीय महाविद्यालयांच्या एमबीबीएसच्या परीक्षा जिथून होतात ते आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आमच्याच गावात आहे, म्हसरूळला, दिंडोरी रोडवर. देशभरातल्यासारखाच तिथेही मानसोपचाराचा स्वतंत्र पेपर नाही. त्याचे प्रश्न मेडिसिनच्या पेपरात येतात. कॉलेजातला माझा एक रूम पार्टनर पुढे डॉक्टर झालेल्या मुलीशी लग्न करून बसलाय. ती सांगते, परीक्षेच्या आदल्या रात्री वेळ उरला तर तो भाग वाचायचा.

गोव्याच्या त्या तक्त्यातला ६५.९ हा आकडा खासगी फॅमिली डॉक्टरांच्या जोरावर उभा आहे. पंचवटीतल्या आमच्या डॉक्टरांनी गेल्या दिवाळीनंतर दवाखाना बंद केला. वय ७४, गुडघे गेले. मुलगा रेडिओलॉजिस्ट आहे, पुण्यात. जागेवर आता मोबाइल कव्हरचं दुकान आहे. आवराआवर करताना त्यांनी जुन्या पेशंटांना बोलावून ज्याचे त्याचे कागद परत दिले. पप्पांचे १९९६ पासूनचे निघाले, मी जन्मायच्या आधीपासूनचे, पाठकोऱ्या कागदांवर बारीक अक्षरात. एका कागदावर बीपीच्या खाली लिहिलंय, 'कारखान्यात ले-ऑफ. झोप नाही. पुढच्या आठवड्यात बोलावणे.'